बावीस हजारांचा लॅपटॉप : रिफर्बिश्ड खरेदीचा माझा अनुभव

मुलीला दहावीनंतर संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेसाठी पुण्यातील तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. फी, वसतिगृहाची अनामत आणि मेसचे आगाऊ पैसे भरून झाल्यावर लॅपटॉपसाठी माझ्याजवळ २२ हजार रुपये उरले. मी साताऱ्यातील एका पतसंस्थेत लिपिक आहे. दिवसभर संगणकावरच काम करतो, पण तो विकत घेण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ही गोष्ट जुलै २०२५ मधली आहे.

आधी नवा लॅपटॉपच पाहिला. या रकमेत जे नवे मिळत होते, त्यात सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्वस्त चिप) साठवण होती, आणि यातली रॅम व साठवण बोर्डावरच पक्की बसवलेली असल्याने पुढे वाढवण्याची सोय नव्हती. अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी सी, पुढे जावा व पायथन आणि शेवटच्या वर्षी मोबाइल ॲप तयार करणे आहे, असे मुलीने सांगितले होते. तीन वर्षे पुरेल असे यंत्र हवे होते, आणि हे नवे यंत्र पहिल्या वर्षातच अपुरे पडले असते. त्यामुळे कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप पाहायचे ठरवले. मोठ्या कंपन्या साधारण तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, आणि ते जुने लॅपटॉप साफसफाई व किरकोळ दुरुस्ती करून बाजारात येतात; यांनाच ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक या मालिका कार्यालयीन वापरासाठीच बनवलेल्या असल्यामुळे त्यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या मजबूत असतात, सुटे भाग सहज मिळतात आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये रॅम वाढवता येते.

जाण्यापूर्वी मी एकच गोष्ट पक्की केली होती : प्रोसेसर इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या (पिढीच्या) खालचा घ्यायचा नाही. विंडोज १० साठी सुरक्षा सुधारणा देणे मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवणार होते, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सातव्या जनरेशनपर्यंत पातळ लॅपटॉपमधल्या आय-५ या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असत. आठव्यात ते चार झाले. म्हणजे सातव्या आणि आठव्या जनरेशनच्या किमतीत दोन-तीन हजारांचा फरक दिसत असला, तरी कामातला फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. दुकानात मात्र प्रत्येक जण फक्त ‘आय-५’ एवढेच सांगतो. आय-५ च्या पुढचा आकडा पाहावा लागतो : ४३०० असेल तर चौथी जनरेशन, ६३०० असेल तर सहावी, ८२५० किंवा ८३५० असेल तर आठवी. बाहेरच्या स्टिकरवर विसंबू नये, कारण स्टिकर बदलता येतो; विंडोजमध्ये ‘सिस्टिम’ उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.

सकाळच्या एसटीने आम्ही दोघे स्वारगेटला उतरलो आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. पहिल्याच तासाभरात एका दुकानात १८,५०० रुपयांना एक देखणा, पातळ लॅपटॉप मिळाला. आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, पडद्यावर एक ओरखडा नाही. दुकानदार म्हणाले, “काका, बिनधास्त घेऊन जा, ए ग्रेड पीस आहे.” मी कीबोर्ड तपासला, कॅमेरा सुरू करून पाहिला, वायफाय जोडून पाहिले. बिल मागितल्यावर त्यांनी एक कच्ची पावती दिली, तिच्यावर फक्त मॉडेलचे नाव आणि रक्कम होती. मी तीच घडी घालून खिशात ठेवली, आणि माझी चूक तिथेच झाली.

घरी आल्यावर मुलीने विंडोजच्या परवान्याची स्थिती दाखवणारी आज्ञा दिली, तेव्हा ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन’ अमुक तारखेला संपेल, असे उत्तर आले. अशी सक्रियता १८० दिवसांपुरती असते आणि ती मोठ्या संस्थांच्या स्वतःच्या जाळ्यासाठी असते. घरगुती ग्राहकाला मिळणारा तो परवाना नव्हे. म्हणून तिने लॅपटॉप मूळ स्थितीत आणायचे ठरवले आणि ‘रीसेट’ केला. विंडोज पुन्हा सुरू झाले, भाषा विचारली, वायफाय जोडले आणि त्यानंतर पडद्यावर एका कंपनीचे स्वागताचे पान उघडले. त्यात त्या कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागितला होता. पुढे जाण्याचे बटणच नव्हते.

याचा अर्थ आम्हाला त्या रात्री समजला. कंपन्या आपल्या लॅपटॉपची नोंद मायक्रोसॉफ्टकडे करून ठेवू शकतात. अशी नोंद असलेला लॅपटॉप पुन्हा पहिल्यापासून सुरू करून इंटरनेटला जोडला की तो मूळ मालक असलेल्या कंपनीचेच पान उघडतो. विंडोज काढून पुन्हा टाकले तरी ही नोंद जात नाही, कारण ती लॅपटॉपच्या डिस्कवर नसून कंपनीच्या खात्यात असते. दुकानदारांनी विंडोजची सुरुवातीची मांडणी इंटरनेट न जोडता आधीच करून ठेवलेली असल्यामुळे, मी नंतर वायफाय जोडले तरी काहीच दिसले नव्हते. लॅपटॉप विकताना नोंद काढायची कंपनीकडून राहून गेली, की हा लॅपटॉप कंपनीबाहेर येण्याचे कारण वेगळे होते, हे कळण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी नव्हता. आणि ज्याचा मालक कोण हे मला सांगता येत नाही, ते यंत्र मुलीच्या हाती देणे मला मान्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून परत गेलो. आधी दुकानदारांनी “इंटरनेट न जोडता सेटअप करा, चालतो,” असे सांगितले, मग दुसरा पीस देऊ केला, आणि बऱ्याच वेळाने ७०० रुपये कापून बाकीची रक्कम परत केली. पक्के बिल नसल्यामुळे मला त्या ७०० रुपयांसाठी भांडता आले नाही. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद फोनमध्ये होती, एवढाच माझा आधार होता.

त्यानंतर मी पुढच्या दुकानात पायरी चढण्यापूर्वीच दोन अटी सांगू लागलो : सीरियल नंबर असलेले जीएसटीचे पक्के बिल हवे, आणि पैसे देण्यापूर्वी लॅपटॉप माझ्यासमोर रीसेट करून माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर सुरू करून दाखवायला हवा. तीन दुकानांनी “एवढा वेळ नाही,” म्हणून सांगितले. चौथ्या दुकानातल्या बाईंनी शांतपणे विचारले, “बसाल का तासभर?” आम्ही बसलो.

त्यांच्याकडे लेनोवोचा थिंकपॅड टी४८० होता. हे २०१८ चे मॉडेल आहे. चौदा इंची पडदा, आय-५ ८३५०यू प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, आणि विशेष म्हणजे रॅमची दुसरी खाच रिकामी. याच काळातल्या काही पातळ मॉडेलांमध्ये रॅमचा एक भाग बोर्डावर पक्का असतो. यात दोन्ही खाचांतली रॅम काढून बदलता येते. किंमत २०,५०० रुपये सांगितली होती. पडदा मात्र मी आधी पाहिला, कारण या मॉडेलमध्ये १३६६ × ७६८ चा कमी दर्जाचा पडदाही येतो, आणि बाजूने पाहिले की त्याचे रंग फिके पडतात. इथला १९२० × १०८० चा आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग टिकवणारा पडदा होता.

रीसेट सुरू करण्याआधी मी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारे यंत्राच्या मूळ सेटिंगचे पान, उघडून पाहिले. थिंकपॅडला सुपरवायझर पासवर्ड लावलेला असेल तर तो काढणे सोपे नसते, त्यासाठी बोर्डावरच काम करावे लागते. म्हणून तिथे एखादी सेटिंग खरोखर बदलता येते का, हे पाहिले. बायोसमधला सीरियल नंबर तळाशी छापलेल्या नंबराशी ताडून पाहिला. तोच नंबर लेनोवोच्या संकेतस्थळावर टाकल्यावर मूळ वॉरंटी २०१९ मध्ये सुरू झालेली दिसली, म्हणजे यंत्राचे वय सहा वर्षे. विंडोज सुरू झाले, हॉटस्पॉट जोडला, आणि या वेळी कोणत्याही कंपनीचे पान न येता ते साधे घरगुती वापराचे पान आले. मुलीने माझ्याकडे पाहून मान हलवली.

बॅटरीचे काम मी सर्वांत सावकाश केले. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे, हाताने काढता येणारी. दोन्हींची मूळ क्षमता सुमारे २४,००० मिलिवॅट-अवर होती. मागची २०,१०० वर होती, पण आतली १३,४०० वर आली होती. “बॅटरी बॅकअप तीन तास” या तोंडी हमीपेक्षा हे दोन आकडे मला फार उपयोगी पडले, कारण आतल्या बॅटरीचा आकडा बाईंना दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता १,००० रुपये कमी केले.

कीबोर्डच्या तपासणीत एक गोष्ट निघाली. मी इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीवर टंकलेखन करतो, म्हणून इंग्रजी अक्षरांऐवजी मराठी मजकूरच टाइप करून पाहिला. ‘कल’ लिहिले की ‘कलल’ उमटे. ‘ल’ची कळ म्हणजे इंग्रजी ‘एन’ची कळ, ती एकदा दाबली तरी अधूनमधून दोनदा लागत होती. एरवी घाईत टाइप करताना हे लक्षातही आले नसते. बाईंनी त्यांच्याकडचा दुसरा कीबोर्ड तिथल्या तिथे बसवून दिला, आणि मी पुन्हा पूर्ण परिच्छेद लिहून पाहिला.

एसएसडीची स्थिती क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ९४ टक्के दिसली. वीस मिनिटे व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐकला, दोन्ही यूएसबी टाइप-सी पोर्टांतून चार्जिंग होते का पाहिले. यातले एक पोर्ट थंडरबोल्ट नावाच्या चिपवर चालते; त्या चिपच्या फर्मवेअरसाठी (आतल्या सॉफ्टवेअरसाठी) लेनोवोने सुधारणा दिलेली आहे आणि ती न केल्यास ते पोर्ट कालांतराने बंद पडू शकते. ती मुलीने घरी पोहोचल्यावर त्याच रात्री केली. चार्जर ६५ वॅटचा मिळाला.

एकूण १९,५०० रुपये दिले. बिलावर सीरियल नंबर, सहा महिन्यांची वॉरंटी, आणि “बॅटरी व चार्जर वगळून” अशी अटही लिहून घेतली, म्हणजे कशाची हमी नाही हेही मला आधीच माहीत होते. पहिल्या खरेदीत गेलेले ७०० आणि एसटीचे भाडे वजा जाता उरलेले पैसे मी दुसऱ्या रॅमसाठी वेगळे ठेवले. मूळ बोर्डात विंडोजचा खरा परवाना होता. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या साधनाने पेनड्राइव्ह तयार करून विंडोज ११ टाकल्यावर ते कोणतीही की न मागता आपोआप सक्रिय झाले.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा मी पुन्हा बॅटरी अहवाल काढला. मागची बॅटरी १९,६०० वर होती, आतली १२,९०० वर. तिने त्याच आठवड्यात सी मधला तिचा पहिला मोठा प्रोग्राम मला चालवून दाखवला. पतसंस्थेतल्या मुदत ठेवीचे व्याज काढणारा होता तो, आणि दर तिने मला विचारून घेतला होता.