कॅमेऱ्याकडे तोंड

पंधरा वर्षं मी हिरोची पाठ आहे. उडी माझी, मार माझा, चेहरा त्याचा. ड्युप्लिकेटला पहिल्याच दिवशी शिकवतात, हातपाय कुठंही जाऊ देत, तोंड कॅमेऱ्यात येता कामा नये. मेकअपदादा माझ्या मानेला आणि हातांना तेवढा रंग लावतात, हिरोच्या रंगाशी जुळेल असा. वर विग. चेहरा कोराच राहतो.

गोरेगावच्या फिल्मसिटीत मार्शल आर्ट कॉमेडीचं शूटिंग होतं. गोष्ट एका सुपरस्टारची. पडद्यावर दहा जणांना लोळवणारा हा माणूस प्रत्यक्षात जिना उतरायलाही घाबरतो, आणि त्याची सगळी मारामारी त्याचा ड्युप्लिकेट करतो. एके दिवशी सेटवर खरे गुंड घुसतात. डायरेक्टरनं ठरवलं, हा ड्युप्लिकेट खऱ्या ड्युप्लिकेटनंच करायचा. फाइट मास्टरनी माझं नाव सांगितलं.

सकाळी मेकअपदादांनी स्पंज थेट गालावर टेकवला आणि मी मागे सरकलो. "अरे, आज पुढून आहेस तू," ते म्हणाले.

कॉमेडीतली फाइट साध्या फाइटपेक्षा अवघड असते, हे मी छातीठोक सांगतो. ठोसा कुणीही मारेल. हसू येतं ते मार खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर. म्हणून जॅकी चॅन मारणारा आणि मार खाणारा एकाच फ्रेममध्ये ठेवतो. 1986 साली आलेल्या त्याच्या एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती. फसलेल्या उड्याही तो सिनेमाच्या शेवटी दाखवतो. लोक हसतात, आम्ही फायटर मात्र त्या वेळी त्याचा गुडघा कुठं आपटला ते बघतो.

माझा शॉट असा: गॅलरीत तीन ठोसे खायचे, चौथी लाथ छातीवर, कठडा मोडून पंधरा फूट खाली, आणि पडताना तोंड कॅमेऱ्याकडे. कठड्याची लाकडं करवतीनं अर्धी कापून ठेवलेली. खाली रिकाम्या खोक्यांचे तीन थर, वर गादी. खोकी टेप लावून घट्ट बंद करायची नसतात. हवा बाहेर पडली तरच खोकं दबतं आणि माणूस वाचतो. त्या रचनेवरून मी स्वतः हात फिरवला. ते काम मी दुसऱ्यावर सोडत नाही.

पहिल्या टेकला पडलो नीट, पण तोंड फिरलं. दुसऱ्यालाही फिरलं. तिसऱ्याला मी दात आवळून ठरवलं होतं, तरी हवेत मान आपोआप वळली. लहानपणी शिवाजी पार्कला मल्लखांब केला, पुढं कराटे. अंग माझं ऐकतं याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी अंग पंधरा वर्षांच्या सवयीचं ऐकत होतं. दरवेळी नवा कठडा, पुन्हा खोकी. युनिट गप्प उभं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मास्टर वर आले, छातीचं पॅड घट्ट केलं आणि म्हणाले, "बाळा, कॅमेरा विसर. मी त्याच्या शेजारी उभा आहे. पडताना माझ्याकडं बघ, बाकी काही करू नकोस."

चौथ्या टेकला मी मास्टरांकडं बघत पडलो. ओके झाला. गादीवर पडल्या पडल्या टाळ्या ऐकल्या. हिरोनं स्वतः येऊन हात दिला आणि मॉनिटरवर शॉट परत लावायला सांगितला. माझा चेहरा भेदरलेला होता, खराखुरा. तसा मी स्वतःला कधीच पाहिला नव्हता.

ऑस्करमध्ये स्टंटसाठी बक्षीस सुरू होतंय, तेही 2027 मध्ये येणाऱ्या सिनेमांपासून. इतकी वर्षं का लागली, हा माझा प्रश्न आहे. आमच्या लालबागच्या चाळीतली जुनी माणसं अजून भगवानदादांच्या स्टंटपटांबद्दल बोलतात. तेव्हापासून आजवर किती जण असे पाठ दाखवून गेले असतील!

पॅकअपनंतर सवयीनं मान पुसली, हात पुसले आणि लोकल पकडली. घरी दार उघडताच आई म्हणाली, "तोंडाला काय लावलंयस रे?"

मी सांगितलं. आजवर प्रत्येक सिनेमाला ती पडद्याच्या जवळ सरकून विचारायची, यातला तू कुठला? तिनं पदरानं माझ्या गालावरचा रंग पुसायला हात उचलला आणि तसाच थांबवला.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंना बोलावते."