कासव कोणत्या जातीचं? रंग नंतर बघा, आधी पाय बघा

कुणी घर बदलताना देऊन गेलेलं, पावसात अंगणात आलेलं, मुलांच्या हट्टापायी म्हापशा-मडगावच्या बाजूला कुठून तरी आणलेलं. गोव्यात घरोघरी असलेल्या कासवांची जात विचारली की बहुतेकदा उत्तर मिळतं, ‘कासव!’ आणि त्याला रोज भात आणि काकडी मिळत असते. जात कळल्याशिवाय त्याला पाण्यात ठेवायचं की कोरड्यात, पाला द्यायचा की मासळी, हे ठरत नाही. मुळात ते घरात ठेवणं कायद्यात बसतं का, हेही कळत नाही.

लोक फोटो पाठवतात तो पाठीचा, वरून, ट्यूबलाइटखाली काढलेला. त्यावरून ओळख चुकायची शक्यता फार. रंग वयाबरोबर बदलतो, शेवाळ धरलं की हिरवा दिसतो आणि आपल्या तांबड्या मातीने तर सगळीच पाठ विटकरी करून टाकते. म्हणून आधी कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन पाठ हलक्या हाताने धुवा. खोबरेल तेल चोळू नका. चकाकी येते खरी, पण तेलावर धूळ-माती चिकटून थर बसतो आणि नक्षी आणखीच झाकते.

मग उजेडात, सावलीच्या जागी फोटो काढा: पाठ, पोट, डावी-उजवी बाजू, डोकं, पुढचा पाय, मागचा पाय, मानेमागची कड, शेपटीवरची कड. पोटाच्या फोटोसाठी हळूच बाजूने उचलायचं, फोटो काढायचा की लगेच सरळ करायचं. उलटं ठेवून मोबाइल शोधत बसायचं नाही. लांबी मोजताना टेप पाठीच्या उंचवट्यावरून फिरवू नका. कासव दोन जाड पुस्तकांच्या मध्ये धरा आणि पुस्तकांमधलं सरळ अंतर पट्टीने मोजा. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतं. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो.

आता पाय. मागचे पाय हत्तीच्या पायासारखे गोल खांब असतील, बोटं वेगळी दिसत नसतील, तर ते जमिनीवरचं कासव. ते पोहत नाही, खोल पाण्यात बुडून मरतं. बोटांमध्ये पडदा असेल तर पाण्यातलं. पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर समुद्री. ते घरात असण्याचा प्रश्नच नाही, वन खात्याला लगेच कळवा.

पडदा असलेल्यांत गोव्यात तीन प्रकार नेहमी दिसतात. प्रत्येक पायाला तीनच नखं, नाक पुढे नळीसारखं, पाठ कातडीसारखी गुळगुळीत आणि पाठीवर खवल्यांची आखणी नाही, तर ते फ्लॅपशेल. पोटाखाली मागच्या बाजूला दोन झडपा असतात, पाय आत घेतला की झडप मिटते. हे एकदा पाहिलं की दुसरी खूण लागत नाही. इंटरनेटवरच्या फोटोंत बऱ्याचदा पाठीवर पिवळे ठिपके दिसतात, ती बहुतेक उत्तरेकडची कासवं. दक्षिणेकडची साधी, तपकिरी-हिरवट असतात. मान चांगलीच लांब असल्याने चावा बाजूने उचलणाऱ्याच्या हातापर्यंतही पोचतो.

दुसरं काळं कासव. पाठीवर पुढून मागे जाणारे तीन कंगोरे, मधला ठळक. पाठ काळी-तपकिरी, पोट गडद आणि त्याला पिवळी कड. पावसाळ्यात हे जमिनीवर बरंच फिरतं, त्यामुळे लोक त्याला जमिनीवरचं समजून कोरड्या खोक्यात ठेवतात. बोटं पसरून पडदा बघितला की ही चूक टळते.

तिसरं इथलं नव्हेच. अमेरिकेतून आलेलं रेड इअर, म्हणजे स्लायडर. विकताना रुपयाएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. पुढे ते फुटाजवळ जातं, रंग काळवंडतो, काही नरांमध्ये तर लाल पट्टा जवळजवळ दिसेनासा होतो. तेव्हा पोट बघायचं: पिवळं, त्यावर गडद डाग. पाठीच्या कडेचे खवले मोजायचे. मानेमागचा चिंचोळा मधला खवला सोडून बाजूला बारा-बारा भरतात. नराच्या पुढच्या पायांची नखं विचित्र लांब असतात.

इथेच एक गोष्ट फार लोकांना फसवते. पाठीची कड दाबल्यावर दबते हा फ्लॅपशेलचा स्वभाव, पण स्लायडर किंवा जमिनीवरच्या मोठ्या कासवाची पाठ दबत असेल तर तो आजार आहे. कॅल्शियम कमी, ऊन नाही, म्हणून कवच धरत नाही. ‘मऊ पाठीची जात’ म्हणून सोडून देऊ नका, पशुवैद्याकडे न्या.

जमिनीवरच्या कासवांत मानेमागचा तो चिंचोळा खवला आहे की नाही हे बघा. पाठीच्या पुढच्या कडेला, बरोबर मध्यावर, अगदी बारीक पट्टी. स्टार कासवाला ती नसते. त्याच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यातून पिवळे किरण निघतात, आणि पोटावरही काळे-पिवळे किरण असतात. म्यानमारचं स्टार कासव पाठीने फार सारखं दिसतं, पण त्याच्या पोटावर किरण नाहीत, नुसते गडद डाग. म्हणून पोटाचा फोटो हवाच. किरण मोजून जात ठरवणाऱ्यांनी पिल्लांच्या बाबतीत जपून, कारण पिल्लाला किरण कमी असतात आणि वाढत्या वयाबरोबर वाढतात. आणि खवल्यांवरच्या वलयांवरून वय काढायचा खेळ तर सोडूनच द्या; खाणं-पाणी बरं असलं तर एका वर्षात अनेक वलयं पडतात.

परदेशी सुलकाटालाही ती पट्टी नसते. रंग वाळूसारखा, नक्षी नाही, मांडीवर मागे टोकदार काटे. पिल्लू तळहातावर मावतं, पण पुढे पन्नास किलोच्या वर जाऊ शकतं. लाल पायांच्या कासवाच्या पायांवर तांबडे-नारिंगी खवले असतात. हर्मनच्या कासवाला मात्र मानेमागची पट्टी असते. त्याच्या पाठीच्या कडेचा, शेपटीच्या वर येणारा खवला सहसा दुभंगलेला असतो आणि शेपटीच्या टोकाला शिंगासारखं नख. मोजणीत एखादा खवला जादा निघाला तर बिचकू नका, अंड्यातच कधी कधी असे खवले फुटतात. दोन्ही बाजू मोजा आणि बाकीच्या खुणांवर भर द्या.

ओळख पटली की कायदा. स्टार कासव आणि फ्लॅपशेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. पाळणं गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान 25,000 रुपये दंड. वास्तूसाठी, धनलाभासाठी ठेवलं हे कारण चालत नाही. काळ्या कासवासह कुठलंही देशी रानटी कासव घरी ठेवायचंच नाही. स्टार कासव 2019 पासून साईट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 1 मध्येही आहे, त्यामुळे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद. सुलकाटासारखं साईट्समधलं परदेशी कासव असेल तर 2024 च्या नियमांनुसार परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद लागते, आणि नवं आणलं तर 30 दिवसांत.

पिशवीत घालून रानात सोडून येणं हा उपाय नव्हे. स्टार कासव कोरड्या झुडपी रानातलं. आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस त्याला सोसत नाही: नाकातून फेस, उघड्या तोंडाने श्वास, मग न्यूमोनिया. देवळाच्या तळीत सोडलेला स्लायडर उलट मजेत जगतो आणि तिथल्या कासवांचं खाणं व ऊन खायच्या जागा बळकावतो.

तेव्हा खोलगट खोक्यात, जमिनीवरचं असेल तर कोरड्या कागदावर आणि पाण्यातलं असेल तर ओल्या गोणपाटावर ठेवा, झाकणाला भोकं पाडा. जवळच्या वन खात्याच्या रेंज कार्यालयात फोन करा, काढलेले सगळे फोटो व मोजमाप तयार ठेवा. कुठे, कधी, कुणाकडून मिळालं हेही सांगा. स्थानिक असेल तर परत कुठल्या पाणवठ्यावर न्यायचं हे त्यावरूनच ठरतं.