खाली पडलेलं चालणार नाही

"ते राहू दे, खाली पडलेलं नको." सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी मला हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा माझ्या हातात एक सुरेख संत्रं होतं. ना डाग, ना चीर. पडून फार तर पाच मिनिटं झाली असतील, आणि पडलं तेही माझ्याच धक्क्याने. मी ते मुकाट्याने बादलीत टाकलं. मनात म्हटलं, एकदा मे महिन्यात आमच्याकडे या, मग सांगा.

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलचं हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात संत्र्याची दोन झाडं आणि एक मेयर लिंबू आयतं मिळालं. सिलिकॉन यायच्या आधी ही सगळी दरी जर्दाळू आणि प्रूनच्या बागांची होती, त्यामुळे जुन्या घरामागे फळझाड असतंच. पहिल्या जानेवारीत आम्ही रोज रस प्यायलो. फेब्रुवारीत मुलं संत्रं बघून पळायला लागली. ऑफिसात पिशवी भरून नेली, तर तिथे आधीच दोघांच्या पिशव्या ठेवलेल्या.

अशी जास्तीची फळं उतरवून गरजूंच्या अन्नकेंद्रात पोचवणारे गट इथे आहेत. सॅन होजेची व्हिलेज हार्वेस्ट २००१ पासून हे काम करते, लॉस एंजेलिसची फूड फॉरवर्ड २००९ पासून. टोरांटोत तर असं फळ तीन वाट्यांत जातं: एक घरमालकाला, एक तोडणाऱ्यांना, एक गरजूंना. निम्म्या वाट्याने शेती कसायच्या आपल्या अर्धेलीचीच बहीण. आम्ही जवळच्या एका छोट्या गटाला कळवलं. शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आठ माणसं हजर, त्यातच त्या बाई, बरोबर शिड्या, कात्र्या, खोकी आणि चक्क झेला, आंबे उतरवायची जाळीची काठी! बांबूचा नाही, ॲल्युमिनियमचा, पण झेलाच. मी उगाचच त्याच्यावरून हात फिरवला.

मग नियम सुरू झाले. संत्रं ओढायचं नाही, देठ कात्रीने अगदी फळालगत कापायचा, नाहीतर त्याचं टोक खोक्यातल्या शेजाऱ्याला टोचतं आणि तिथून कूज सुरू होते. पान एकही जाता कामा नये, कारण पानांवरून आशियाई सिट्रस सिला नावाचा किडा प्रवास करतो आणि झाड मारून टाकणारा रोग पसरवतो. तो रोग कॅलिफोर्नियात पहिल्यांदा २०१२ साली सापडला. या किड्याला कढीपत्ताही आवडतो. म्हणजे क्वारंटाइनच्या हद्दीतून मैत्रिणीकडे कढीपत्त्याच्या चार काड्या नेणं इथे नियमभंग! फोडणीवरसुद्धा सरकारची नजर, म्हणा.

हे सगळं पटलं. पडलेल्या फळाचं मात्र काही केल्या पटेना. बाईंनी कारण सांगितलं: जमिनीवर हरणं, खारी, पक्षी येऊन जातात, त्यांच्या विष्ठेतून जंतू लागतात. १९९६च्या ऑक्टोबरात सफरचंदाच्या न उकळलेल्या रसातून ई. कोलाय पसरून माणसं आजारी पडली होती, एक मूल दगावलं होतं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, १ ऑक्टोबरला, क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. चांगल्या हेतूने अन्न दान करणाऱ्यावर, ढळढळीत निष्काळजीपणा केलेला नसेल तर, दावा चालत नाही असं तो कायदा सांगतो. दान करणाऱ्यालाही कायद्याचं चिलखत लागतं, हे ऐकून मला हसूच आलं.

कारण माझं आजोळ कोकणातलं, पावस गावाजवळचं. रात्री वारा सुटला की पहाटे कंदील घेऊन रायवळाखाली पळायचं, जो उचलेल त्याचा आंबा. वाडीतलं कुणीही यावं. कुणी अर्ज भरला नाही, कुणी सही घेतली नाही, आणि परकरालाच पुसून खाल्लेल्या त्या आंब्यांनी कुणी मेलंही नाही. हे मी बाईंना बऱ्यापैकी तोऱ्यात सांगितलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "तू घरात खा ना, तुझं तुला माहीत आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारता येत नाही, हे वरचं की खालचं."

मी गप्प झाले, कारण मला हापूस आठवला. हापूस वाऱ्यावर सोडलेला नव्हता. तो मोजून अढीत जायचा आणि पेट्या वाशीला. घरी कामाला येणाऱ्या मावशींना मिळायचे ते डागी. "डाग काढून खा हो," असं आजी सांगायचीसुद्धा. तिचा हात सढळच होता, खोटं कशाला बोलू. टोपली भरून द्यायची. आणि विकायचं फळ कुणी वाटत सुटतं का? तो तर घराचा वर्षाचा खर्च होता. माझी संत्री मला विकायची नाहीत, म्हणून मी उदार! पण त्या टोपलीत कधी चांगला आंबा होता का, हे मी दुपारभर आठवत बसले.

अकरा खोकी भरली. खाली पडलेल्यांची बादली माझ्याकडेच राहिली. रात्री आईला फोन केला, तर पहिला प्रश्न, "पैसे नाही ना मागितले त्यांनी?" आणि दुसरा, "पडलेली फेकलीस की काय?"

फेकते कशाला? धुतली, सोलली, साखर घालून मुरंबा शिजवला. सहा बरण्या झाल्या. "एक त्या बाईंना दे की," आई म्हणाली. दोनदा पिशवीत घातली आणि दोनदा बाहेर काढली. त्या विचारतील कशाची म्हणून, आणि मला खरं सांगावं लागेल.