नेव्ही ब्लू

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. उद्या ११ वाजता राजारामपुरीत फोटो आहे, आणि गुरुवारपासनं एकच गोष्ट डोक्यातनं जाईना. गोष्ट एवढीशीच आहे. त्या फोटोग्राफर पोराचा फोन आला, आमच्या सगळ्यांनाच करत होता, म्हणला सर उद्या-परवा बॅकग्राउंड ठरवायचाय, ब्लेझर घालणार ना, कुठल्या कलरचा आहे तुमचा? आणि मी म्हणलं, नेव्ही ब्लू.

माझ्याकडं ब्लेझर नाही. नेव्ही ब्लू नाही, काळा नाही, कुठलाच नाही. आयुष्यात कधी शिवला नाही, घेतला नाही. लग्नात सफारी होता. आणि तोंडातनं असं सहज आलं की जणू कपाटात हँगरला लटकलाय आणि मी फोनवर बोलता बोलता त्याच्याकडं बघतोय.

का म्हणलं असेन? त्या पोराला मी ओळखत नाही, तो मला ओळखत नाही. नाही म्हणलं असतं तर त्याला काय फरक पडणार होता. ३१ वर्षं झाली शिरोलीच्या फाउंड्रीत, ब्लो होल असलेला, म्हणजे ओतताना आत हवेचं भोक राहिलेला पीस ओके म्हणून कधी पुढं सोडला नाही, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना रात्री दोन वाजता भांडलोय त्याच्यासाठी, प्रमोशन गेलं त्याच्यापायी एकदा, असू दे. आणि इथं कुणी काही मागत नसताना, २ सेकंदांत.

बायकोला सांगितलं तर ती म्हणली, अहो मग फोन करून सांगा की नाही म्हणून, त्यात काय एवढं. बरोबरच होतं तिचं. पण मी तिच्यावरच खेकसलो. ते वेगळं.

खरं तर फोटोच नको होता मला. ३१ वर्षं कंपनीला माझं तोंड लागलं नाही. काम लागलं, रात्रपाळी लागली, ऑडिटच्या आदल्या दिवशी मी लागलो. आता जर्मनीच्या पार्टीला वेबसाइटवर माणसं दिसली पाहिजेत म्हणे, डिपार्टमेंट हेडचे सगळे एकसारखे फोटो पाहिजेत, ग्रे बॅकग्राउंड, खांद्यापर्यंत. नव्या पोरांचे आधीच काढलेले असतात, लिंक्डइनवर हात बांधून उभी असतात ती. माझा घरात शोधला तर एकट्याचा असा एक फोटो नाही. प्रत्येकात मी कडेला, नाहीतर अर्धा, नाहीतर फोटो काढणारा मीच. पासपोर्ट साइजचा आहे आधारच्या वेळचा, त्यात मी घाबरल्यासारखा दिसतोय. तेवढंच काय ते माझं तोंड.

पोरगा कामाचा आहे पण. नंतर व्हॉट्सअॅपवर त्यानं सगळं नीट लिहून पाठवलं. केस फोटोच्या दिवशी कापू नका, दोन-तीन दिवस आधी कापा, नाहीतर कानाच्या मागची पांढरी पट्टी दिसते. दाढी मात्र सकाळीच. चष्म्याला लाइटची चमक येते तर काच नसलेली जुनी फ्रेम असली तर आणा. एकदम पांढरा शर्ट नको, तोंडाच्या आधी शर्टच दिसतो. आणि बारीक चेक्स अजिबात नको, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याच्या लहरी उठतात. हे मला माहीत नव्हतं. माझे सगळे बरे शर्ट चेक्सचे, सगळे. एक आकाशी आहे प्लेन, मुलीनं दिलेला.

मी त्याला उगीच विचारलं की मोबाइलवर काढलेल्या फोटोत माझं नाक असं का दिसतं. त्यानं समजावून सांगितलं, सर हातभर अंतरावरनं काढलं की जवळचं मोठं होतं, मी सहा-सात फुटांवरनं ८५ एमएमच्या लेन्सनं काढणार, मग चेहरा आहे तसा येतो. मला पटलं. आमच्यात पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं साचा पाडतात तो नमुना, मुद्दाम मोठा करतात, ग्रे आयर्न, म्हणजे बीड, थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, तेवढं आधी वाढवून ठेवायला लागतं तेव्हा पीस मापात येतो. मोठं दिसण्यात खोटं काही नसतं, पुढं काय होणार ते माहीत असलं म्हणजे झालं. पण ब्लेझरचं तसं नाही. तो मी कुठल्या हिशोबानं वाढवला?

शुक्रवारी सुटल्यावर महाद्वार रोडला गेलो. दोन दुकानांत घालून बघितला. दुसऱ्या दुकानात तर नेव्ही ब्लूच होता, अगदी बसला अंगाला, दुकानदार म्हणला साहेब घेऊनच जावा. नाही घेतला. पैशाचं नाही, म्हणजे पैशाचंही आहे, पण आरशासमोर उभं राहून मला सारखं वाटत होतं की हा मी ब्लेझर घेत नाहीये, गुरुवारचं बोलणं खरं करायला आलोय. घरी आलो. पुतण्याचा रिसेप्शनचा होता, तो काखेत अडकला. मुलगी म्हणली, पप्पा कशाला एवढं, शर्टवर काढा, एआयनं ब्लेझर घालता येतोय आता, कळत पण नाही. तिनं मोबाइलवर करून दाखवला. खरंच कळत नव्हतं. मला त्याचंच कसंतरी झालं, मी तिला म्हणलं जेवायला वाढा.

काल केस कापायला खरी कॉर्नरला गेलो. नंबर होता म्हणून बाहेर कॅमेरा स्तंभाजवळ उभा राहिलो. रोज जातो तिथनं, कधी थांबत नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच कोल्हापुरात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, मला तर ते कळल्यापासनं त्या माणसाबद्दल कायम आदर वाटतो, कारण असलं यंत्र नुसतं बघून करणं काय असतं हे हातानं काम करणाऱ्यालाच कळतं. सिनेमाच्या आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं कापडावर. आणि मी तिथं उभा राहून विचार करत होतो की पडद्याला कुणी खोटं म्हणत नाही. बघणाऱ्याला माहीत असतं पडदा आहे. स्टुडिओतपण असायचे तसे पडदे मागं, खांब रंगवलेले, कुंडी, जिना. तात्यांच्या फोटोतपण आहे.

इथं मला तात्यांचा फोटो आठवला आणि मग ते केस कापणं, दाढी, काही लक्षात नाही.

भिंतीवरचा फोटो आहे त्यात तात्या कोटात आहेत. गडद कोट, टाय, केस चापून बसवलेले. चंदनाचा हार. बाहेरचं कुणी आलं की विचारतात, वडील कुठं होते? शाहू मिलमध्ये म्हणलं की त्यांना वाटतं ऑफिसात. तात्या खात्यात होते, मशीनवर. शाहू महाराजांनी १९०६ ला काढलेली मिल, तिथं आपण आहोत याचा त्यांना फार अभिमान होता, शेवटपर्यंत, मिल बंद पडली तेव्हासुद्धा… जाऊ दे. कोटात आम्ही त्यांना कधी बघितलं नाही. मी सहावी-सातवीत असेन, घरातली ट्रंक उपसून तो कोट शोधला होता. सापडला नाही म्हणून त्यांनाच विचारलं, तात्या तुमचा कोट कुठाय? तात्या म्हणले, धुवायला टाकलाय.

असंच. मागं वळून न बघता, सायकलला हवा भरता भरता. आई तिथंच होती, काही बोलली नाही.

काल रात्री हे आठवलं आणि मी उठूनच बसलो. तोच आवाज. मी जो गुरुवारी फोनवर काढला तोच.

आज दुपारी आई लसूण सोलत बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणलं, आई तात्यांचा तो कोट कुणाचा होता गं? ती म्हणली, स्टुडिओतला. तिथं खुंटीला असायचा, जो येईल त्यानं घालायचा. स्थळाला द्यायला काढलेला फोटो तो. म्हणलं तुला कधी सांगितलं त्यांनी? म्हणली, सांगायचं काय त्यात, दिसतंय की.

मग उठली, सावकाश, तिच्या डब्यातनं मूळ फोटो काढला. हाताच्या पंजाएवढा, कडा कातरलेल्या नक्षीच्या, मधोमध एक मोड पडलीय. हा मी लहानपणी बघितला असणार, पण बघितला नव्हता. भिंतीवरचा मोठा करताना छातीखाली कापलाय, त्यात हात नाहीत. ह्याच्यात आहेत. तात्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत आणि डाव्या हाताची बाही पार खालपर्यंत आलीय, मनगट नाही, पंजा नाही, नुसता अंगठा बाहेर. खांदा पण उतरलाय. कोट दुसऱ्याचा आहे हे त्या अंगठ्यावरनं लहान पोराला पण कळेल.

आई म्हणली, आमच्या आबांनी फोटो दाखवला तेव्हाच मी बघितलं. कोट मागून आणलाय, पण बटणं सगळी नीट लावलीत.

एवढंच म्हणली आणि परत लसूण घेतला. थोड्या वेळानं, आरं तू कशाला विचारायलाइस? म्हणलं काही नाही, उगीच.

तेव्हापासनं जरा बरं वाटतंय आणि नाहीपण वाटत. बरं यासाठी की तात्यांचं कुणी काही फसवून घेतलं नाही, जिला कळायला पाहिजे होतं तिला पहिल्याच दिवशी कळलं, आणि तरी ती आली. मलाच ट्रंकेपर्यंत जायला लागलं. कदाचित घरच्या माणसांना कायम दिसतच असतं आणि आपण आपले धुवायला टाकलाय म्हणत राहतो. बायकोला तर पहिल्या वाक्यातच दिसलं होतं.

साडेनऊला शेवटी त्या पोराला मेसेज केला. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. शेवटी लिहिलं, ब्लेझर नाही माझ्याकडं, त्या दिवशी चुकून आहे म्हणलो. चुकून नव्हतं, पण तेवढं राहू दे.

लगेच उत्तर आलं. काही टेन्शन नाही सर, निम्मे लोक आणत नाहीत, स्टुडिओत दोन ठेवलेत, एक नेव्ही ब्लूच आहे.

मोबाइल हातात धरून मी बघतच राहिलो. पन्नासेक वर्षं झाली आणि खुंटी अजून आहे. विचारलं, माप? म्हणला मोठा असला तरी मागनं क्लिपा लावतो सर, समोरनं चापून बसतो. विचारलं, बाही? त्याला कळलंच नसेल मी असं का विचारतोय. म्हणला, हेडशॉट आहे सर, छातीपर्यंतच येतो, बाही फ्रेममध्येच नाही.

म्हणजे क्लिपा मागं आणि बाही खाली. माझ्या फोटोला मूळ फोटो असणारच नाही, भिंतीवरचाच तेवढा असणार. आई बघेल, मुलगी बघेल, उद्या तिची पोरं बघतील, आणि कितीही जवळ धरून बघितला तरी त्यात कुणाला काही दिसणार नाही. तात्यांच्यात अंगठा तरी होता.

अर्धा तास गॅलरीत बसलो. मग आकाशी शर्ट काढून बायकोला दाखवला, ती म्हणली कॉलर बरी आहे अजून, सकाळी इस्त्री मारते. तिला सॉरी म्हणायचं होतं परवाबद्दल, तिनं शर्ट घेतला आणि आत गेली, राहिलंच.

पोराला लिहिलं, शर्टवरच काढू.

त्यानं अंगठा पाठवला.