चार किलो ओझ्याची क्रोशाची पिशवी

आपल्याकडे क्रोशाची सुई चालली ती बहुतेक शोभेसाठी. रुखवतात मांडायचे रुमाल, दारावरचं तोरण, टीव्हीवरचं आच्छादन, पाण्याच्या ग्लासवर टाकायची मणी लावलेली जाळी. यातल्या एकाही वस्तूला काही उचलावं लागत नाही. मी क्रोशे शिकले ते आत्याकडे, २० नंबरच्या दोऱ्यावर (नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक), आणि तिची शिस्त अशी की रुमाल टेबलावर टाकला की काठ कुठेही उचलला जाता कामा नये. गुहागरला जायचं ठरलं आणि समुद्रावर न्यायला पिशवी विणू या असं मनात आलं, तेव्हा हात तयार होता. पण जे काही येत होतं ते सगळं न लोंबणाऱ्या वस्तूंचं.

म्हणून आधी सुई हातात न घेता वजनकाटा घेतला. दोन टॉवेल, पाण्याची लिटरची बाटली, लेकीचे बदलायचे कपडे, खाऊचा डबा, सनस्क्रीन, रबरी चपला. परतताना टॉवेल ओले असणार आणि ओला टॉवेल कोरड्याच्या दुपटीहून जड भरतो. बेरीज करून चार किलो धरले. यापुढचा प्रत्येक निर्णय या चार किलोंनी घेतला. रंग तेवढा माझा.

दोऱ्याचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. ॲक्रिलिकची लोकर घरात पोतंभर होती, पण ती ताणली जाते, तिच्यावर बोंड येतात आणि उन्हात खांद्याला घाम फुटतो. सुतळी दिसायला झकास, मात्र ओल धरते, कुजते आणि तिचे तंतू टॉवेलला चिकटतात. पुण्यात बोहरी आळीत नायलॉनची दोरी बघितली. पाणी पीत नाही, झटकली की कोरडी, चार किलो तिला काहीच नाहीत. घरी आणून थोडी विणून पाहिली. सुईवरून घसरते, गाठ आपोआप सैल होते, टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करावं लागतं आणि भरलेली पिशवी खांद्याला अक्षरशः कापते. शिवाय गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तुटक्या जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे त्या वाळूत आधीच कमी नाहीत, त्यात आपली भर कशाला?

राहिलं सूत. साधा क्रोशाचा सुती दोरा या कामाला फार बारीक. मॅक्रमेसाठी (गाठी मारून करायच्या शोभेच्या कामासाठी) मिळतो तो जाड दोरा तुळशीबागेत पाहिला, पण तो घेताना नुसती जाडी बघून चालत नाही. त्यात एक प्रकार सैल पिळाचा असतो, ज्याची टोकं विंचरून झालर करतात. क्रोशाला तो त्रास देतो, कारण सुईचं टोक दर टाक्याला त्याच्या धाग्यांमध्ये घुसतं. दुसरा वेणीसारखा गुंफलेला. तो फाटत नाही, सुईवरून नीट सरकतो. मी तोच घेतला, तीन मिलिमीटरचा, समुद्री निळा आणि बिनरंगाचा असे दोन. निळ्याचा वीतभर तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिला. रंग गेला नाही, मगच बाकीचा दोरा आणला.

आत्याने तो दोरा पाहिला आणि म्हणाली, "अगं, गुरं बांधायचीत का?" मग स्वतःच माझी पाच नंबरची सुई उचलून चार टाके घातले आणि सुई ठेवून मनगट चोळलं. बारीक कामाला सुई पेनसारखी धरतात. जाड दोऱ्याला ती पकड मनगटात कळ आणते. मूठ वरून ठेवून सुई धरली की जोर दंडातून येतो. ही सवय बदलायला मला पिशवी अर्धी होईपर्यंत लागलं, आणि जाड दोऱ्याचं काम एका बैठकीत फार वेळ करू नये हे आजही माझं मत आहे.

आता तळ. मी गोल तळ घेतला. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा मुके खांब, म्हणजे सुईवर वेढा न घेता घातलेले ठेंगणे खांब. बारीक दोऱ्यात आपण बोटावर कडी करून मग ती ओढून बंद करतो, पण वेणीचा जाड दोरा तशी कडी नीट आवळू देत नाही. पुढे प्रत्येक फेरीला सहा टाके वाढवायचे: ६, १२, १८, २४... यामागचं गणित मला फार आवडतं. फेरी एका टाक्याच्या उंचीने बाहेर सरकली की वर्तुळाचा घेर त्या उंचीच्या सव्वासहा पटीने वाढतो. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी साधारण सारखीच, म्हणून वाढ सहाची. सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उभा पूर्ण खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून तिथे बाराची. वाढ कमी पडली तर तळाची वाटी होते आणि जास्त झाली तर झालर. आत्या हे सगळं डोळ्यांनी ओळखते. मी तिला घेर आणि त्रिज्येचं सांगायला लागले तर म्हणाली, "काठ उचलला की वाढव, लहरला की थांब. त्यात काय एवढं?" तिचा नियम लहान आहे आणि तितकाच बरोबर आहे.

एक बारीकसारीक गोष्ट. वाढीचे टाके दर फेरीत एकाच जागी आले तर तळ गोल न होता षटकोनी होतो. पिशवीला तसा काही तोटा नाही, पण मला कोपरे नको होते, म्हणून एका आड एक फेरीत वाढ दोन वाढींमधल्या अंतराच्या निम्म्याने सरकवली. फेरीची सुरुवात कळायला सेफ्टी पिन अडकवून ठेवली. बाजारात यासाठी रंगीत मार्कर मिळतात, पण घरात सेफ्टी पिन असताना ते घेण्याचं कारण मला सापडलेलं नाही.

सोळा फेऱ्यांनंतर ९६ टाके झाले आणि तळ साधारण २५ सेंटिमीटरचा. घडी घातलेला टॉवेल त्यात आरामात बसतो. मग वाढ बंद करून सहा फेऱ्या सरळ वर नेल्या, सगळ्या मुक्या खांबांच्या, घट्ट. पिशवीचा हा भाग वाळूवर टेकतो, म्हणून तिथे जाळी नको. खरं तर तळालाही वाळू गळून जाईल अशी जाळी ठेवावी असं सांगणारे नमुने खूप दिसतात. पण ओल्या वाळूवर ठेवलेल्या पिशवीत जाळीतून वाळू खालून वर येते, याचा विचार त्यात कुणी केलेला नसतो. आतली वाळू बाजूच्या जाळीतून झटकता येते, तेवढं पुरतं.

जाळी हा खरा मजेचा भाग, आणि हात इथेच सुसाट सुटतो. एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडायचा, पुन्हा खांब. ९६ टाक्यांवर ४८ खिडक्या येतात, प्रत्येक साधारण एक सेंटिमीटरची. मासेमारीच्या जाळ्यासारखी पाच-पाच साखळ्यांच्या कमानींची तिरकी जाळी दिसायला जास्त सुंदर, पण ती रबरासारखी ताणते. भाजीच्या पिशवीला ते चालतं. समुद्रावर मात्र चार किलो घातल्यावर पिशवी गुडघ्याशी लोंबते आणि डबा जाळीतून डोकावतो. चौकोनी खिडक्यांत खांब उभे असतात, ते ओझं सरळ वर पोचवतात, म्हणून लांबी फार वाढत नाही. निळा दोरा तळाला आणि काठाला, मधली जाळी बिनरंगाची. निळ्यावर वाळूचे डाग कमी दिसतात, एवढाच त्यामागचा हिशोब.

एक सांगून ठेवते. जिथे दोरा संपला तिथे नवा गाठ मारून जोडलेला नाही. जाड दोऱ्याची गाठ टोचते आणि ताण आला की हमखास तीच सुटते. दोन्ही टोकं वीतभर मोकळी ठेवली, काम झाल्यावर ती गोधडीच्या सुईत ओवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे टाक्यांच्या पोटातून फिरवली. मधल्या सहा टाक्यांभोवती तळाचं टोक दोनदा फिरवलं, कारण सगळ्यात आधी उसवायला तीच जागा बसलेली असते.

पट्ट्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. बहुतेक नमुन्यांत पट्टा आडव्या लहान ओळींनी विणलेला असतो: आठ टाके, वळा, पुन्हा आठ टाके, असं करत मीटरभर. विणायला सोपा, पण ओझं आलं की प्रत्येक ओळ थोडी थोडी उघडते आणि ओळी शंभराच्या वर असतात. त्याऐवजी पट्ट्याच्या पूर्ण लांबीची साखळी घालून तिच्यावर लांबच लांब पाच-सहा ओळी मारल्या तर ओळीचा दोरा ताणाच्या दिशेने धावतो आणि पट्टा कमी वाढतो. हे ऐकीव ठेवायचं नव्हतं. दोन्ही पद्धतींचे फूटभर तुकडे विणले, दाराच्या कडीला टांगले आणि खाली दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या रात्रभर लोंबत ठेवल्या. सकाळी आडव्या ओळींचा तुकडा चार बोटं लांबला होता, उभ्या ओळींचा जेमतेम एक. नवरा दुधाची पिशवी घ्यायला दार उघडून तिथेच थबकला होता, तो भाग वेगळा. मी पट्टा उभ्या ओळींचा केला आणि दोन्ही कडांना सरकटाक्यांची, म्हणजे दोरा थेट कडीतून ओढून घातलेल्या चपट्या टाक्यांची, किनार घातली. तीही ताण रोखते.

पट्टा लावताना एक खोच आहे. मुके खांब गोलात विणत गेलं की प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या किंचित उजवीकडे बसतो. डोळ्याला सरळ वाटणारी उभी रेघ वर जाईपर्यंत कलते. त्यामुळे तळावरून रेघ धरून पट्ट्याची जागा ठरवली तर पिशवी खांद्यावर तिरकी लटकते. वरच्या काठावर ४८ टाके मोजायचे आणि समोरासमोरच्या दोन जागी पट्टा जोडायचा. प्रत्येक टोक सहा टाके रुंद आणि चार फेऱ्या खोल शिवलं, म्हणजे सगळा भार एका ओळीवर येत नाही.

अस्तर घातलं नाही. विचारणाऱ्या सगळ्यांना हेच सांगते की अस्तर आणि जाळी यांच्यामध्ये वाळू साठते आणि ती कधीच पूर्ण निघत नाही. चावी, सुटे पैसे आणि फोनसाठी घट्ट विणीची वेगळी लहान पिशवी केली, नारळाच्या करवंटीचं बटण लावून, आणि ती आतल्या काठाला दोरीने बांधली.

दाभोळची फेरीबोट ओलांडून गुहागरला पोचलो तेव्हा पिशवीत ठरवल्यापेक्षा जास्तच सामान होतं, कारण रिकामी पिशवी दिसली की घरातले प्रत्येकजण काही ना काही त्यात ढकलतात. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरेपर्यंत खांद्याला त्रास झाला नाही. चार बोटं रुंद पट्ट्याचा हा फायदा. वाळू झटकली की निघत होती. तक्रार एकच, सूत ओलं झालं की वाळायला वेळ लावतं.

आणि ते नुसतं उन्हात वाळवून भागत नाही. समुद्राच्या पाण्यातले क्षार दोऱ्यात राहतात, त्यातले काही हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून न धुतलेली पिशवी पुण्यात आल्यावरही दमट लागते आणि पावसाळ्यात तर तिला बुरशी ठरलेली. गोड्या पाण्यात दोनदा बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरून वाळवायची. टांगली तर स्वतःच्या पाण्याच्या वजनानेच लांबते.

तिथे एका बाईंनी पिशवी हातात घेऊन विचारलं, "कितीला घेतली?" घरी केली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मॉलमध्ये अशी तीनशेला मिळते. मिळत असेलही. पण खरं क्रोशे यंत्रावर होत नाही. यंत्राचं म्हणून जे मिळतं ती दिसायला तशी असलेली वेगळी विण असते. म्हणजे तीनशेची पिशवी खरंच क्रोशाची असेल, तर दोरा, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वजा जाऊन कुणा बाईच्या हातात काय पडलं असेल? आंध्रात नरसापूरच्या भागात घरोघरी बायका लेस विणतात आणि ती परदेशात जाते. त्यांची मजुरी किती कमी, यावर अभ्यासकांनी कधीच बोट ठेवलंय. माझ्या पिशवीत दोराच जवळपास अर्धा किलो गेला. तासांचा हिशोब मी केला नाही, आणि विकायची नसल्यामुळे करणारही नाही.

आता नणंदेला अशीच हवी आहे, पण चेन लावून. चेन मिठाने गंजते म्हणून तिला बटणावर आणलंय. तिच्या पिशवीचा तळ लांबट करणार आहे: २४ साखळ्या घालून त्यांच्या दोन्ही बाजूंनी फिरत जायचं, वाढ फक्त दोन टोकांना, प्रत्येक टोकाला तीन. गोल पिशवी गाडीच्या डिकीत लोळते, ही लांबट कदाचित उभी राहील.