पॅसिव्हमध्ये ‘वॉज’ की ‘वेअर’?

रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. राम तोच, क्रियापद मात्र दर वेळी कर्माप्रमाणे वळतं. हा आपला कर्मणी प्रयोग. इंग्रजीत ॲक्टिव्हमध्ये हे चालत नाही. काहीही खाल्लं तरी ‘राम एट’. पॅसिव्हमध्ये मात्र कर्मच कर्त्याच्या जागी बसतं, आणि खेळ एकदम ओळखीचा होतो: ‘द मँगो वॉज ईटन’, ‘द मँगोज वेअर ईटन’.

म्हणजे मराठी माणसाला पॅसिव्ह सोपा जायला हवा. पण ‘अदलाबदल करा, बाय लावा’ एवढंच पाठ असलं की ‘राम ओपन्स द बॉक्सेस’चं ‘द बॉक्सेस इज ओपन्ड बाय राम’ होतं. ‘इज’ रामाला चिकटून राहिलं. हवं ‘आर’. ‘बी’ या क्रियापदाच्या रूपात (इज, आर, वॉज, वेअर) काळ येतो जुन्या वाक्याचा आणि वचन नव्या कर्त्याचं, ‘बाय’नंतर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘हॅज बीन सेंट’चं अनेकवचन करताना ‘हॅज’चं ‘हॅव’ करायचं, पुढच्या दोन शब्दांना हात लावायचा नाही. ‘विल बी’, ‘कॅन बी’ असेल तर वचनाची कटकटच नाही.

खरी गोची दोन कर्मांच्या क्रियापदांत आहे. ‘तिला दोन पुस्तकं दिली गेली’ यात ‘दिली गेली’ पुस्तकांप्रमाणे चालतं. तेच डोक्यात ठेवून लिहिलं की ‘शी वेअर गिव्हन टू बुक्स’ होतं. इंग्रजीत ‘तिला’ची ‘शी’ झाली, म्हणजे कर्ता तीच, म्हणून ‘वॉज’. पुस्तकं पुढे आणली तर ‘टू बुक्स वेअर गिव्हन टू हर’.

‘द लिस्ट ऑफ स्टुडंट्स’ला ‘वॉज डिस्प्लेड’, कारण लावली ती यादी, विद्यार्थी नव्हेत. ‘ऑफ’पासून पुढचं बोटाने झाकून वाक्य वाचावं. ‘अ नंबर ऑफ कम्प्लेंट्स’ इथे मात्र ही युक्ती फसते: त्याचा अर्थच ‘बऱ्याच तक्रारी’, म्हणून ‘वेअर रिसीव्ह्ड’. ‘पोलीस’ इंग्रजीत नेहमी अनेकवचनी, ‘वेअर कॉल्ड’.

आणि ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’? ‘झाला होता’मधला ‘होता’ इथे ‘वॉज’ होऊन घुसतो. मराठीत अकर्मक क्रियापदाचाही भावे प्रयोग होतो (‘रामाने बसावे’), पण ‘हॅपन’, ‘अराइव्ह’ यांना पॅसिव्ह नाही. पुढे आणायला कर्मच नाही. नुसतं ‘हॅपन्ड’ लिहावं, फार तर ‘हॅड हॅपन्ड’.