यमू मुंबईत सुखात आहे

चोडण, सोमवार रात्री

आज रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी पाऊण तास थांबले. पाऊस आडवा येत होता. पुस्तक ओढणीत गुंडाळून शेडच्या खांबाला टेकले आणि वाचत राहिले. बोट आली, भरली, सुटलीसुद्धा. मला पत्ताच नाही!

‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूची कादंबरी मी कॉलेजात चाळीसेक पानांवर मिटली होती. परीक्षेआधी दोन रात्रींत संपवायला निघाले होते. यमूचं माहेर, दादा, दुर्गी, सगळं लांबण वाटलं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून ती परत आणली आहे. घाई करायची नाही, जाता-येता एक-एक प्रकरण, एवढंच ठरवलं. आणि ही कादंबरी मुळात वाचली गेली तीही अशीच, थांबत थांबत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ती हप्त्याहप्त्यानं दिली. एक हप्ता वाचायचा नि पुढच्या अंकापर्यंत यमूची काळजी करत बसायचं. मी दोन रात्रींत काय मिळवणार होते?

हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे. एका मुलीच्या तोंडून, ‘मी’ म्हणून, लिहितात आणि कुठे खोटं वाटत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलींच्या शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहाची बारा केली, तेवढ्यावरून केवढं रान उठलं होतं! त्या दिवसांत हे लिहिलं जात होतं.

गेला आठवडाभर मी मुंबईच्या बिऱ्हाडात अडकले आहे. यमू आणि तिचे यजमान रघुनाथराव वेगळं राहतात, ती वाचते, बोलते, मोकळी हसते. पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे. म्हणून तीच पानं परत वाचते. पान उलटलं नाही तर ती तिथेच सुखात राहील असं वाटतं. छोटी कथा वाचताना मला असं कधी झालं नाही. इतके दिवस सोबत राहिल्यावर माणसाला सोडवत नाही.

घरी आमची कोंकणी, पुस्तकं मराठी. रोज संध्याकाळी तांबडी भाजी निवडताना सासूबाईंना गोष्ट पुढे सांगायची, असा आता नेमच झाला आहे. आज मी गप्प बघून त्यांनी विचारलं, “यमूचें फुडें कितें जालें गो?”

परतीच्या बोटीत शेवटी पान उलटलं होतं. रघुनाथराव गेले, म्हटलं. पुढे तिचे केस काढतात, जबरदस्तीनं.

त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली. मग हळूच म्हणाल्या, “म्हजे आजयेक हांवें तशीच पळयल्या.”

स्वतःच्या आजीला त्यांनी तशीच पाहिली होती. एवढ्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. भाजी बाजूला ठेवली आणि त्या आजीबद्दल सांगत बसल्या, दिवेलागण होऊन गेली तरी.